घरच्या साबणात किचनमधलं काय टाकावं, किती टाकावं आणि काय वाया जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे की साधा कोल्ड प्रोसेस साबण (तेलात कास्टिक सोड्याचं पाणी मिसळून, न शिजवता केलेला) दोन-तीनदा नीट जमला, आता त्यात हळद, दूध, मध, लिंबू, कॉफी, काकडी असं किचनमधलं टाकून बघायचंय, पण दूध-मधाची पहिलीच बॅच मधोमध फुगून चिरली, तपकिरी झाली आणि तिला उग्र वास मारतोय. मग काय किती टाकायचं, कधी टाकायचं आणि सोप बेसमध्ये, म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणात, हेच सगळं चालतं का. उत्तर जरा लांब होणार आहे, कारण नुसते चमचे सांगून भागत नाही, कारण कळलं की पुढचा पदार्थ तुमचा तुम्हालाच ठरवता येतो.

आधी एक गोष्ट पक्की बसवून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही बॅटरमध्ये, म्हणजे तेल आणि कास्टिकच्या पाण्याच्या मिश्रणात, जे टाकता ते सगळ्यात आधी कास्टिक सोड्याच्या तावडीत सापडतं. ताज्या बॅटरचा पीएच १२ ते १३ च्या आसपास असतो, वरून उष्णता, आणि हे पुढचा दिवसभर तरी चालूच राहतं. त्यामुळे एखादा पदार्थ चेहऱ्याला लावला तर छान वाटतो म्हणून साबणातही छान ठरेल हे गणित चालत नाही. दुधातली साखर करपते, प्रथिनं तुटतात, फॅटचा चक्क साबण होतो. लिंबातलं व्हिटॅमिन सी तर अजिबातच टिकत नाही. आणि यातून जे काही वाचतं ते अंगावर जेमतेम अर्धा मिनिट राहून पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून प्रत्येक पदार्थाला मी दोनच प्रश्न लावते, कास्टिकमध्ये याचं काय होतं, आणि नंतर फेस, कडकपणा, रंग किंवा हाताला लागणारा स्पर्श यातलं नक्की काय बदलतं. ज्याचं उत्तर काहीच नाही असं येतं तो पदार्थ खाऊन टाकलेला बरा, हे मी अगदी मनापासून सांगते.

सुरक्षेचं तुम्हाला माहीत असेल, तरी किचनमधल्या गोष्टी आल्या की लोक ढिले पडतात म्हणून परत सांगते. गॉगल आणि लांब ग्लव्ह्ज काढायचे नाहीत, कास्टिक पाण्यात टाकायचा, कास्टिकवर पाणी ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं भांडं, चमचा, फॉइल काहीही नको, कास्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टील किंवा जाड पॉलीप्रॉपिलीनचं प्लास्टिक घ्या. साबणाचे चमचे-भांडी-ब्लेंडर वेगळे ठेवा, परत स्वयंपाकाला नकोत. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवत राहायचं, व्हिनेगर चोळत बसायचं नाही.

आता प्रयोग कसा करायचा. पूर्ण बॅचमध्ये चार गोष्टी एकदम टाकल्या की काय झालं, का झालं काहीच कळत नाही. तुमच्या दूध-मधाचं तेच झालंय. त्यापेक्षा एक छोटी साधी बॅच करा आणि ट्रेसला आली, म्हणजे मिश्रण एकजीव होऊन दाटायला लागलं, की कपांमध्ये वाटून घ्या. मी वापरते ते प्रमाण देते, ऑलिव्ह ऑइल ३०० ग्रॅम, खोबरेल १५०, एरंडेल ५०, म्हणजे एकूण ५०० ग्रॅम तेल, त्याला कास्टिक ७० ग्रॅम आणि पाणी १४० ग्रॅम. सुपरफॅट, म्हणजे साबण न होता उरणारं तेल, साधारण सहा टक्के पडतं. तरी स्वतःच्या तेलांचं लाय कॅल्क्युलेटरवर (कुठल्या तेलाला किती कास्टिक लागतो ते काढून देणारं साधन) तपासल्याशिवाय करू नका, आणि वजनं डिजिटल काट्यावरच, कपाने चमच्याने नाही. एकूण ७१० ग्रॅम बॅटर होतं, त्याचे पाच कप केले की प्रत्येकात १०० ग्रॅम तेल येतं, हिशोब डोक्यात करता येतो. पहिल्या कपात काहीही टाकायचं नाही. हा साधा कप लोक कायम वगळतात आणि मग नंतर म्हणतात ओट्समुळे साबण मऊ झाला, अरे पण ओट्सशिवायचा किती मऊ झाला असता ते कुठे बघितलंय. बाकी चार कपांत एकेकच पदार्थ. कपांना चिठ्ठी लावा, तारीख, पदार्थ, वजन, किती तापमानाला टाकला. ट्रेस अगदी हलका ठेवा, ब्लेंडर उचलल्यावर पडणाऱ्या धारेची रेघ वर जेमतेम दिसली की थांबा, नाहीतर पाचव्या कपापर्यंत जाईस्तोवर ढवळता येणार नाही इतकं घट्ट होतं.

तर आता गोडाचा गट, दूध, मध, साखर, बिअर, नारळाचं दूध, फळांचा गर, सगळे यातच येतात कारण कास्टिकला त्यांच्यातली साखर दिसते. साखर दोन कामं करते, फेस वाढवते आणि बॅटर तापवते. फेस वाढतो हे खरंच जाणवतं, म्हणून साखर हा किचनमधला माझ्या मते सगळ्यात कामाचा पदार्थ आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही कारण तो दिसायला काही खास नाही. ५०० ग्रॅम तेलाला एक छोटा चमचा साधी साखर, आधी पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि मग त्या पाण्यात कास्टिक. पाणी पिवळट झालं तरी घाबरू नका. एवढ्यावर बारीक बुडबुड्यांचा दाट फेस येतो, तुमचा साधा साबण आणि हा साबण एकामागे एक हात धुऊन बघा, फरक शोधावा लागत नाही.

मधाने तेच होतं पण जास्त जोरात तापतं. ५०० ग्रॅम तेलाला एक छोटा चमचा, फार तर एक मोठा, त्याच्यावर नाही. बाटलीतून थेट बॅटरमध्ये धार सोडली तर मध नीट मिसळत नाही, खाली बसतो, आणि दोन दिवसांनी वडी कापली की पात्याला चिकट ओढ लागते, कापलेल्या बाजूवर तपकिरी ठिपके दिसतात आणि त्यातून थेंब पाझरत राहतात. म्हणून चमचाभर कोमट पाण्यात मध पूर्ण पातळ करून घ्यायचा, ते पाणी मुख्य पाण्यातून आधीच वजा करून ठेवायचं, आणि हलक्या ट्रेसला टाकून लगेच ब्लेंडर फिरवायचा. मध पडला की बॅटर घट्ट व्हायला लागतं, तेव्हा साचा आधीच तयार पाहिजे.

दुधाचं नीट सांगते. पाण्याऐवजी गार दूध घेऊन त्यात कास्टिक ओतला की मिश्रण झपाट्याने तापतं, लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, करपून आधी पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी होतं आणि प्रथिनं तुटून अमोनियाचा तो नाकात जाणारा वास सुटतो. तुमचा उग्र वास बहुतेक तोच आहे. हे टाळायचे दोन रस्ते. एक, दूध बर्फाच्या ट्रेमध्ये घट्ट गोठवायचं आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून त्यावर कास्टिक चमचा चमचा भुरभुरत विरघळवायचा, घाई अजिबात नाही, मिश्रण ३० अंशांच्या खाली राहिलं तर रंग फिकट क्रीमच राहतो. दुधातल्या फॅटचा तिथेच साबण होऊन थोडं दाट होतं, ते गाळून घ्या. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कास्टिक फक्त ७५ ग्रॅम पाण्यात विरघळवायचा आणि उरलेले ६५ ग्रॅम गार दूध थेट तेलात मिसळून ब्लेंडर फिरवायचा. कास्टिकला विरघळायला निदान त्याच्या वजनाइतकं पाणी लागतं, त्यापेक्षा पाणी कमी करू नका, तळाशी दाणे राहिले आणि ते साबणात गेले तर कातडी जळते. हे कास्टिकचं पाणी दाट आणि जास्त जळजळीत असतं तेव्हा ओतताना सांभाळून. गायीचं, म्हशीचं, बकरीचं, नारळाचं, कुठलंही दूध घ्या, पद्धत हीच. दूध पावडर असेल तर अजून सोपं, मोठा चमचाभर पावडर तेलात ब्लेंड करायची, पाणी आहे तेवढंच.

दुधाने मिळतं काय, तर फेस जरा मलईदार होतो, साखरेमुळे आणि थोड्या फॅटमुळे. एवढंच. दुधाच्या साबणाने रंग उजळतो वगैरे तुम्ही नका लिहू लेबलवर.

आता तुमची बॅच. दूध आणि मध म्हणजे साखरेवर साखर, त्यात तुम्ही साचा टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला होता असं लिहिलंय. साध्या साबणाला गुंडाळणं ठीक आहे, त्याने तो सगळीकडे सारखा तापून जेल फेजमधून जातो, म्हणजे काही वेळ पारदर्शक जेलीसारखा होतो, पण गोडाच्या साबणात आतली उष्णता बाहेर जायला जागाच नाही, मधला भाग तापून फुगतो, वरून चीर पडते, जास्त झालं तर साच्यातून उतू जातो. कापल्यावर मधे गडद गोल आणि कडेला फिकट पट्टा दिसतोय ना, ते म्हणजे फक्त मधला भागच जेल झाला. त्याने साबण बिघडत नाही, दिसायला तेवढा दुरंगी होतो. पुढच्या वेळी तेल आणि कास्टिकचं पाणी दोन्ही ३० ते ३५ अंशांवर आणा, गुंडाळू नका, साचा लगेच फ्रीजमध्ये एक दिवस ठेवा. लांब मोठ्या साच्यापेक्षा सुट्या छोट्या साच्यांत उष्णता कमी साठते. आत्ताची वडी कापून बघा, आत कुठे द्रव साठलेला नसेल, खळगे कोरडे असतील, तर ती वाया गेलेली नाही, क्युअर करा, म्हणजे हवेशीर जागी वाळत ठेवा, अमोनियाचा वास काही आठवड्यांत उडून जातो. पण खळग्यात पाणी दिसलं तर ते पाणी नाही, कास्टिक असू शकतो, हात लावू नका, ग्लव्ह्ज घालून सगळं किसून मंद आचेवर परत शिजवा.

बिअर वापरायची असेल तर आधी उकळून गॅस आणि अल्कोहोल घालवा, पूर्ण गार करा, मोठं भांडं घ्या. न उकळलेल्या बिअरमध्ये कास्टिक टाकलं की जो फेस वर येतो तो भांड्याबाहेर येतो.

दुसरा गट आंबटाचा, लिंबू, व्हिनेगर, दही, ताक. इथे गंमत आकड्यांत आहे आणि ती समजून घ्याच. आम्ल आणि कास्टिक समोरासमोर आले की ते पहिल्यांदा एकमेकांना खातात, तेल राहतं बाजूला. लिंबाच्या रसात साधारण पाच-सहा टक्के सायट्रिक अॅसिड असतं. आपल्या बॅचमधलं १४० ग्रॅम पाणी काढून सगळा लिंबाचा रस घातला तर त्यातलं सात-आठ ग्रॅम आम्ल जवळपास पाच ग्रॅम कास्टिक फस्त करतं. ७० मधले पाच गेले की सुपरफॅट सहावरून बारा टक्क्यांच्या घरात जातं. साबण होतो, पण मऊ, तेलकट, फेस कमी आणि लवकर खवट. पाच टक्क्यांचं व्हिनेगर घेतलं तरी जवळजवळ हाच आकडा येतो.

मग लिंबू घालूच नये का, तर घालावं पण त्याने काय होतं ते ओळखून. सायट्रिक अॅसिड आणि कास्टिक मिळून सोडियम सायट्रेट बनतं आणि ते खरंच उपयोगी आहे, जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतं, त्यामुळे बादलीला आणि टाइल्सना चिकटणारा तो पांढरट थर कमी होतो, शिवाय साबण खवट होणंही लांबतं. त्यासाठी रसापेक्षा सायट्रिक अॅसिडची पावडर बरी, कारण वजन नेमकं कळतं. तेलाच्या एक टक्का, म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवायची, आणि त्याच्यासाठी कास्टिक ३ ग्रॅम वाढवायचा. १० ग्रॅम सायट्रिकला ६.२५ ग्रॅम कास्टिक हा हिशोब लिहूनच ठेवा, तो कोरड्या पावडरचा आहे, मोनोहायड्रेट (कणांत पाणी धरलेली) असेल तर १० ला ५.७. आम्ल पाण्यात असताना कास्टिक टाकलं की नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हा हळूहळू. व्हिनेगरने सोडियम अॅसिटेट बनतं, त्याने वडी लवकर कडक होते, तिथेही कास्टिक वाढवायचा, १०० ग्रॅम पाच टक्क्यांच्या व्हिनेगरला ३.३ ग्रॅम.

आणि लिंबू टाकून साबणाचा पीएच त्वचेइतका करता येईल हे मात्र डोक्यातून काढा. खरा साबण पीएच ९ ते १० च्या आसपासच साबण असतो, त्याच्या खूप खाली ओढला तर तो फुटतो आणि वर चिकट फॅटी अॅसिडचा थर येतो. खाण्याच्या सोड्याचंही तसंच, तो टाकून साबण सौम्य होत नाही, तो कास्टिक खाऊन धुण्याचा सोडा बनतो. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅमने सव्वादोन-अडीच ग्रॅम कास्टिक जातो आणि हातात काही येत नाही. मी घालत नाही.

आता रंग, इथे सगळ्यात जास्त अपेक्षाभंग होतो. हळद घ्या. १०० ग्रॅम तेलाच्या कपात चिमूटभर हळद टाकून ढवळा आणि बघत राहा, पिवळा रंग दिसतच नाही, चमचा फिरेल तिथे लालसर विटकरी रेघा उठतात आणि दोन मिनिटांत सगळा कप गडद तांबडा होतो. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं म्हणून. मग क्युअर होताना आतला उरलासुरला कास्टिक संपत जातो तसा तो रंग हळूहळू केशरी आणि मग सोनेरी पिवळ्याकडे सरकतो, वडीच्या कडेला आधी, मधे नंतर. घाबरून दुसऱ्या दिवशी फेकून देणारे लोक मी बघितलेत, महिनाभर थांबा. मात्र हळदीचा रंग उजेडात उडतो, खिडकीत ठेवलेली वडी आणि कपाटात ठेवलेली वडी दोन महिन्यांनी शेजारी ठेवून बघा. ५०० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा पुष्कळ झाला, जास्त घातली तर फेस पिवळा येतो आणि टॉवेलला डाग. पावडर खरखरीत लागत असेल तर आधी कोमट तेलात भिजवून, खाली बसू देऊन, वरचं रंगीत तेल वापरा, तेवढं तेल एकूण तेलातच मोजायचं.

बीटचं नाव ऐकून सगळ्यांना गुलाबी साबण डोळ्यासमोर येतो आणि होतो तपकिरी, कारण बीटचा रंग कास्टिकमध्ये टिकत नाही. जांभळा कोबी, जास्वंद, बेरी यांचेही रंग हिरवट-मातकट होऊन जातात. पालकाचा हिरवा सुरुवातीला सुंदर दिसतो पण उजेडात काही आठवड्यांत पिवळट-करडा पडतो. टिकतो तो गाजराचा, गर अगदी बारीक वाटून घातला तर छान पिवळा-केशरी येतो. पॅप्रिका तेलात भिजवून फिकट पीच रंग देते. तिखट मिरची पावडर मात्र चुकूनही नको, तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन साबणात जातं आणि डोळ्यांत गेलं की काय होईल ते सांगायला नको. कोको पावडर आणि कॉफीचा तपकिरी रंग टिकतो, कारण तपकिरीतून अजून तपकिरीच व्हायचं असतं. कोको जास्त झाला की फेसही तपकिरी येतो.

कॉफीचं पाणी घ्यायचं तर पूर्ण गार करून घ्या, आणि कास्टिक पडल्यावर जो घाण वास येतो तो तात्पुरता आहे. पण कॉफीचा सुवासही राहत नाही, तो लोकांना हवा असतो आणि तो मिळत नाही. चोथा स्क्रब म्हणून चालतो, वापरलेला, पसरून कडकडीत वाळवलेला, बारीक, ५०० ग्रॅमला एक-दोन छोटे चमचे. न वापरलेली पूड घातली तर प्रत्येक कणाभोवती तपकिरी डाग पसरतो. चेहऱ्यासाठी स्क्रबवाला साबण करूच नका, हात-पायासाठी ठीक.

स्क्रबमध्ये ओट्स मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून एक मोठा चमचा, आधी थोड्या तेलात कालवून, नाहीतर गुठळ्या होतात. स्पर्श गुळगुळीत होतो. जास्त घातले की वडी ओलावा धरते आणि मऊ पडते. तांदळाच्या पिठाचंही असंच. खसखस दिसायला छान, अर्धा छोटा चमचा पुरे. बदामाची किंवा कुठल्याही दाण्यांची पूड घालताना लक्षात ठेवा की तिच्यात तेल आहे आणि ते खवट होतं. साखर स्क्रब म्हणून घालणारेही असतात, ती तर विरघळून जाते, खरखर राहतच नाही.

मीठ वेगळ्याच दर्जाचं आहे, त्याने साबण मुळापासून बदलतो. थोडं म्हणजे ५०० ग्रॅम तेलाला अर्धा ते एक छोटा चमचा, कास्टिकच्या आधी पाण्यात विरघळवून, तर ऑलिव्हसारख्या मऊ साबणाची वडी लवकर सुटते आणि कडक होते. दुसरं टोक म्हणजे मिठाची वडी, तेलाच्या अर्ध्या वजनाइतकं बारीक मीठ, ट्रेसला. पण त्यासाठी आपली कपाची रेसिपी चालणार नाही. मिठाच्या पाण्यात बहुतेक साबण विरघळत नाही, जुन्या पद्धतीत शिजलेल्या साबणातून पाणी वेगळं काढायला मीठच टाकायचे ते यामुळेच. खोबरेलाचा साबण मात्र खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, समुद्रावरच्या लोकांसाठी साबण खोबरेलाचा करायचे ते उगाच नाही. म्हणून ८० टक्के किंवा जास्त खोबरेल आणि ते कोरडं करतं म्हणून सुपरफॅट १५ ते २० टक्के. ही वडी काही तासांत दगड होते, दुसऱ्या दिवशी कापायला गेलात तर तुकडे पडतील, म्हणून सुटे साचे. जाड मीठ नको, ओरखडे उठतात, आणि एप्सम सॉल्ट तर अजिबातच नको, त्यातलं मॅग्नेशियम साबणाचाच चोथा करतं. मिठाची वडी जितकी जुनी तितकी चांगली, निदान दोन-तीन महिने ठेवा.

काकडी, केळं, अॅव्होकॅडो, भोपळा वगैरे ताजा गर, ५०० ग्रॅमला एक-दोन मोठे चमचे, अगदी बारीक वाटून गाळून, आणि तेवढं पाणी कमी. तुकडे दिसले तर ते आधी काळे पडतात आणि मग सडतात. काकडीने काय झालं हे साध्या वडीशेजारी ठेवून मला कधीच ओळखता आलेलं नाही. अंड्याचा बलक घालतात, ५०० ग्रॅमला एक, गार तेलात फेटून गाळून, तापलेल्या मिश्रणात गेला की शिजून धागे होतात. लोणी किंवा तूप हे तर अॅडिटिव्ह नाहीच, ते तेलातच मोजायचं आणि कॅल्क्युलेटरमध्ये टाकायचं, शिवाय त्यातल्या ब्युटिरिक अॅसिडमुळे साबणाला आंबूस वास राहू शकतो.

मसाल्यांत दालचिनी आणि लवंग या दोघांपासून लांब राहा असं मी सांगेन. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल दोन्ही त्वचेला चुरचुरतात, काहींना कायमची अॅलर्जी जडते, आणि लवंगेचं तेल बॅटरमध्ये पडलं की ते काही सेकंदांत असं आळतं की साच्यात ओतायलाही येत नाही. रंगासाठी दालचिनीपेक्षा कोको कधीही बरा.

तयार झाल्यावर तपासायचं कसं, तर निदान चार ते सहा आठवडे हवेशीर जाळीवर, आणि दर आठवड्याला एक वडी काट्यावर ठेवून वजन लिहा, वजन उतरायचं थांबलं की क्युअर झाला. जाळी उघड्या लोखंडाची नको, लोखंड-तांब्याच्या संपर्काने तेल खवट व्हायला लागून नारिंगी ठिपके येतात. वापरण्याआधी ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला जेमतेम लावा, साबणाची चव आली तर ठीक, बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका आला तर कास्टिक शिल्लक आहे. हळदीचा कागद लाल झाला म्हणून साबण वाईट असं काही लोक ठरवतात, ते चूक आहे, हळद चांगल्या साबणातही लाल होते आणि कास्टिक राहिलेल्यातही, ती या दोघांत फरक करू शकत नाही. दुसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर दूध, दाणे, ओट्स जे घातलंय ते वेष्टनावर स्पष्ट लिहा, अॅलर्जी असणाऱ्याला तेवढ्यानेच वाचवता येतं.

राहिला सोप बेस. तिथे कास्टिक आधीच संपलेला आहे, त्यामुळे हळद लाल झाली तरी इतकी नाही आणि दूध करपत नाही, पण त्याच कारणाने ताजं काहीही टिकत नाही, गर, दूध, रस घातला की आत बुरशी यायची शक्यता असते. म्हणून तिथे फक्त कोरडं, ओट्सची पूड, कोको, वाळवलेला कॉफीचा चोथा, चिमूटभर हळद, दूध हवं असेल तर पावडर, आणि तीही किलोभर बेसला एक मोठा चमचा. मध घालायचाच तर छोटा चमचा, जास्त झाला तर वडी चिकट राहते आणि घाम सोडते. पावडर कोरडीच टाकली तर गुठळ्या होतात, थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, आणि बेस जरा गार होऊन दाटसर व्हायला लागल्यावर टाका, पातळ गरम बेसमध्ये सगळं तळाला जाऊन बसतं.